वायफायचा पासवर्ड म्हणजे फोल्डरला कुलूप नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात जवळजवळ रोज सायबर फसवणुकीची एक तरी बातमी असते. ओटीपी सांगितला आणि पैसे गेले, डिजिटल अरेस्टच्या नावाखाली म्हाताऱ्या माणसाला फोनसमोर बसवून ठेवलं, लाइट बिलाचा खोटा मेसेज आला, आणि हे सतत छापून येतंय म्हणूनच आमच्या घरात आज कुणी अनोळखी लिंकवर बोट ठेवत नाही, त्याबद्दल मनापासून आभार. पण हे पत्र वेगळ्या कारणासाठी लिहितेय. बाहेरचा चोर कसा येतो ते सगळे सांगतात, पण घरातलेच दोन-तीन कॉम्प्युटर एकमेकांना जोडून फोल्डर शेअर करताना आपण काय काय उघडं टाकतो याबद्दल मराठीत कळेल असं लिहिलेलं मला तरी कुठे वाचायला मिळालं नाही. माझ्या घरी जे झालं ते बऱ्याच घरांत आत्ता या क्षणी चालू असणार अशी माझी खात्री आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी डोंबिवलीला राहते. सीए नाही, पण एका टॅक्स कन्सल्टंटकडे बरीच वर्षं काम केलं आणि आता घरूनच ओळखीतल्या लोकांचे इन्कम टॅक्स रिटर्न भरते, दोन दुकानदारांचं टॅलीचं काम पण आहे. हॉलमध्ये डेस्कटॉप आणि त्याला जोडलेला स्कॅनर, आतल्या खोलीत माझा लॅपटॉप, आणि मुलीचा कॉलेजचा लॅपटॉप वेगळा. जून-जुलैमध्ये लोक फॉर्म १६, पॅन कार्ड, आधार, बँकेचं स्टेटमेंट असा गठ्ठा घेऊन येतात, हॉलमध्ये बसून स्कॅन करायचं, मग ते पेनड्राइव्हवर घ्यायचं, आत जाऊन लॅपटॉपवर उतरवायचं, परत एखादं पान राहिलं म्हणून बाहेर यायचं. दिवसात पंधरा-वीस फेऱ्या. आणि फेऱ्यांपेक्षा वाईट म्हणजे एकाच माणसाच्या फाइलच्या तीन-तीन प्रती होतात, एक डेस्कटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक लॅपटॉपवर, आणि शेवटची दुरुस्त केलेली कुठली हेच कळत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी ठरवलं की डेस्कटॉपवरचा एकच फोल्डर शेअर करायचा आणि सगळ्यांनी तिथूनच काम करायचं. ठरवलं ते बरोबरच होतं, आजही मी तसंच काम करते.

जवळच्या एका दुकानातून मुलगा आला. हुशार होता, कामसू होता, त्याच्याबद्दल वैयक्तिक तक्रार नाही. त्याने फोल्डरवर राइट क्लिक करून शेअर केला, आतल्या लॅपटॉपवरून उघडायला गेला तर विंडोजने नाव आणि पासवर्ड मागितला. मी माझा चार आकडी पिन टाकला, जो रोज सकाळी टाकून मी मशीन उघडते. नाही चालला. परत टाकला, परत तेच. मग त्याने सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी केलं, फोल्डरच्या परमिशनमध्ये एक-दोन टिक मारले आणि म्हणाला, काकू, झालं, आता काही विचारणारच नाही. खरंच विचारलं नाही. डबल क्लिक केलं की फोल्डर उघडा. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला चहा देऊन पाठवलं.

साधारण पाच महिन्यांनी समोरच्या बिऱ्हाडातला मुलगा दारात आला. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, परीक्षेच्या वेळी त्यांचं ब्रॉडबँड बंद पडलं म्हणून मीच आमच्या वायफायचा पासवर्ड दिला होता. दारातच उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, काकू, रागावू नका, पण तुमचा रिटर्नचा फोल्डर माझ्या लॅपटॉपवर दिसतोय. मी म्हटलं, दिसतोय म्हणजे? त्याने लॅपटॉप उघडून दाखवला. डावीकडे नेटवर्क, त्याच्यात आमच्या डेस्कटॉपचं नाव, त्याच्यात फोल्डर, आणि फोल्डरमध्ये माझ्याच हाताने नावं दिलेल्या छप्पन्न माणसांच्या छप्पन्न फाइली. कुणाचं आधार, कुणाचा पगार, एका बाईंच्या घटस्फोटाच्या कोर्टाच्या ऑर्डरची प्रत, जी पोटगीच्या कामासाठी मी स्कॅन केली होती. तो म्हणाला मी आत काही उघडलं नाही, आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण त्याने माझ्यासमोर एक रिकामी टेक्स्ट फाइल त्या फोल्डरमध्ये तयार करून दाखवली आणि लगेच डिलीट केली. म्हणजे नुसतं बघता येत होतं असं नाही, लिहिताही येत होतं, पुसताही येत होतं. पाच महिने.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी एकेकाला फोन करून सांगितलं की असं झालं होतं, माझ्या माहितीप्रमाणे काही गेलेलं नाही पण तुम्हाला माहीत असायला हवं. बहुतेकांनी समजून घेतलं. त्या बाई मात्र काही वेळ काहीच बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, बरं झालं तुम्ही सांगितलंत.

तेव्हापासून मी हा विषय मुळापासून समजून घेतला, मुलीला बरोबर बसवून, चुकत-माकत. आता कुठे काय चुकलं होतं ते नीट सांगता येईल.

पहिली गोष्ट, आपण सगळेच धरून चालतो की वायफायला पासवर्ड आहे म्हणजे आत घरचेच. पण वायफायचा पासवर्ड हा बिल्डिंगच्या गेटसारखा आहे, गेटमधून पेपरवाला येतो, दूधवाला येतो, पाहुणे येतात, म्हणून आपण ब्लॉकचं दार उघडं ठेवत नाही. आमच्या वायफायवर तेव्हा कोण कोण होतं ते मी नंतर मोजलं, घरचे चार फोन, दोन लॅपटॉप, डेस्कटॉप, टीव्ही, समोरचा मुलगा, मुलीच्या दोन मैत्रिणी, माझा भाचा, आणि एक फोन कुणाचा ते आजपर्यंत कळलेलं नाही. हल्ली तर पासवर्ड तोंडी सांगावाही लागत नाही, ज्याच्या फोनमध्ये एकदा वायफाय जोडलं तो क्यूआर कोड दाखवून पुढच्या माणसाला जोडून देतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

दुसरी गोष्ट, त्या टेक्निशियनने जे बंद केलं त्याचं नाव पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग. ते बंद केलं की विंडोज समोरच्याला तू कोण हे विचारत नाही, पाहुणा म्हणून आत घेतं. आणि तिसरी म्हणजे फोल्डरच्या परमिशनमध्ये एव्हरीवन या नावापुढे फुल कंट्रोल. हे तिन्ही एकत्र आले की जो कोणी वायफायवर आहे त्याच्यासाठी तो फोल्डर त्याचाच. यातलं आणखी एक मला फार उशिरा कळलं, पासवर्ड शेअरिंगचं ते सेटिंग सगळ्या नेटवर्कसाठी एकच असतं. नेटवर्क प्रायव्हेट (म्हणजे घरचं, विश्वासाचं) की पब्लिक (म्हणजे परकं) हे प्रत्येक वायफायसाठी वेगळं ठरतं, पण हे नाही. त्याने माझ्या लॅपटॉपवर पण तेच करून ठेवलं होतं, म्हणजे मी लॅपटॉप घेऊन भावाकडे पुण्याला गेले आणि तिथलं वायफाय जोडताना प्रायव्हेट निवडलं तर तिथेही दार उघडंच.

आता तो पिन. सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिथे आहे असं माझं मत झालंय. विंडोजचा पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो, तो नेटवर्कवरून चालतच नाही आणि चालू नये अशीच त्याची रचना आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून फोल्डर उघडायला अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो बहुतेकांनी मशीन विकत घेतलं त्या दिवशी एकदा टाकलेला असतो, नंतर कायम पिन किंवा बोटाचा ठसा. त्यामुळे पासवर्ड आठवत नाही. आणि काही जणांच्या अकाउंटला पासवर्डच नसतो, तर विंडोज रिकामा पासवर्ड नेटवर्कवरून मुळात घेतच नाही. मग समोर उभा असलेला टेक्निशियन काय करणार, त्याला पुढच्या घरी जायचंय, तो पासवर्ड विचारणंच बंद करून टाकतो. त्याला दोष द्यायचा तर त्याला पाच मिनिटांचा नीट मार्ग कुणी शिकवलेला नाही याचा द्यावा लागेल.

तो मार्ग असा आहे, आणि माझ्या घरी आता हेच आहे. ज्या मशीनवर फोल्डर आहे त्याच्यावर शेअरिंगसाठी म्हणून एक वेगळा युजर तयार करायचा. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे अदर युजर्स, ॲड अकाउंट. तो लगेच ईमेल मागतो, तिथे या माणसाची माहिती माझ्याकडे नाही अशा अर्थाची ओळ आहे ती दाबायची, मग पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर तयार करा असा पर्याय येतो. तो सापडेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो पण तो आहे. नाव साधं ठेवा, पासवर्ड लांब ठेवा, आणि त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करू नका, स्टँडर्डच राहू द्या. या युजरने रोज मशीन उघडायचं नाही, तो फक्त फोल्डरची चावी आहे.

मग फोल्डर. सबंध डी ड्राइव्ह शेअर करायचा नाही, सी तर कधीच नाही. डी ड्राइव्हवर नवा फोल्डर करा आणि शेअर करायचं तेवढंच त्याच्यात ठेवा. प्रॉपर्टीज, शेअरिंग, ॲडव्हान्स्ड शेअरिंग, परमिशन्स, तिथलं एव्हरीवन काढून टाका, नवा युजर ॲड करा, आणि त्याला आधी फक्त रीड द्या. लिहायची खरंच गरज असेल तर चेंज द्या, फुल कंट्रोल कुणालाच नको. इथे एक गंमत नाही पण अडचण सांगते, शेजारीच सिक्युरिटी नावाचा दुसरा टॅब असतो आणि विंडोज दोन्हीकडची परवानगी बघतं, दोन्हींत जी जास्त कडक ती लागू होते. डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समधला फोल्डर शेअर केला तर नव्या युजरचं नाव सिक्युरिटीमध्ये नसतं, मग ॲक्सेस डिनाइड येतो, आणि माणूस चिडून परत एव्हरीवन टाकतो. तसं करू नका, सिक्युरिटीमध्ये जाऊन तोच एक युजर ॲड करा.

शेवटी ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये जाऊन पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग परत चालू. आणि घरच्या वायफायचं प्रोफाइल प्रायव्हेट, बाकी सगळीकडे पब्लिक. दुसऱ्या लॅपटॉपवरून फोल्डर उघडलात की तो नाव-पासवर्ड विचारेल, तिथे आधी मशीनचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग युजरचं नाव असं लिहायचं, रिमेंबर वर टिक मारायचं, झालं. नंतर रोज डबल क्लिकच आहे. त्या मुलाने दिलेली सोय मला तशीच मिळाली, फक्त आता ती मलाच मिळते.

मुलीचा लॅपटॉप मॅक आहे, त्याच्यात सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग, तिथे फाइल शेअरिंग आहे, तत्त्व तेच, फक्त मॅकवरचा फोल्डर विंडोजवरून उघडायचा असेल तर ऑप्शन्समध्ये जाऊन त्या अकाउंटपुढे वेगळं टिक करावं लागतं. आणि फोटो-बिटो एकदाच पाठवायचे असतील तर शेअरिंगच्या भानगडीत पडूच नये. पूर्वी आम्ही सगळे शेअरइट वापरायचो, ते जून २०२० मध्ये सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲप्समध्ये गेलं, आता त्याच कामाला लोकलसेंड आहे, फुकट आहे, ओपन सोर्स आहे म्हणजे त्याचा कोड कुणालाही तपासता येतो, आणि काम झालं की बंद करता येतं.

आपल्या मशीनवर आत्ता काय काय शेअर झालंय ते बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत नेट, एक स्पेस, शेअर असं लिहून एंटर मारा. यादी येते. ज्यांच्या शेवटी डॉलरचं चिन्ह आहे ती बहुतेक विंडोजची स्वतःची, त्यांना हात लावू नका. बाकी जे दिसेल ते बहुतेक तुम्ही किंवा तुमच्या टेक्निशियनने केलेलं. माझ्या एका क्लायंटच्या दुकानात मी हे केलं तर सात फोल्डर निघाले, त्यातले चार कशासाठी आहेत हे कुणालाच सांगता येईना, आणि एक तर तिथून नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावाचा होता.

आता लोक म्हणतील, घरातल्या नेटवर्कचं एवढं काय, कोण येतंय तिथे. त्यांना २०१७ आठवत नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस आला, दीडशे देशांत दोन लाखांवर कॉम्प्युटर कुलूपबंद झाले, इंग्लंडमधल्या सरकारी हॉस्पिटलांना पेशंट परत पाठवावे लागले. तो पसरला कशातून, तर याच फाइल शेअरिंगमधून. विंडोज ज्या पद्धतीने फोल्डर शेअर करतं त्याला एसएमबी म्हणतात, त्याची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकातली, नेटवर्क म्हणजे एका ऑफिसात वायरीने जोडलेली मशीन होती तेव्हाची. तिच्यात एक भोक सापडलं आणि मग कुणी लिंक दाबायची पण गरज राहिली नाही, एका मशीनमधून दुसऱ्यात तो व्हायरस आपोआप सरकत गेला. आणि मनाला लागणारी गोष्ट अशी की मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती १४ मार्चलाच दिली होती, दोन महिने आधी. लोकांनी अपडेट टाकलं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला आणि तो तर आपल्या दारातच आला. न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क हा जहाज कंपनीचा समूह चालवत असलेल्या टर्मिनलची कॉम्प्युटर यंत्रणा बंद पडली, कंटेनर अडकले. सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती, त्रास उरणजवळ. मी स्वतः हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर पोट भरते त्यामुळे मला हे विसरता येत नाही. त्याच्यात अजून एक शिकण्यासारखं होतं, तो नुसत्या भोकातून जात नव्हता, एका मशीनच्या मेमरीतून ॲडमिनचा पासवर्ड उचलून तो दुसऱ्या, अपडेट केलेल्या मशीनवर पण चालवत होता. म्हणून मी वर म्हटलं की शेअरिंगचा युजर ॲडमिन नको, आणि घरातल्या सगळ्या मशीनला एकच ॲडमिन पासवर्ड तर अजिबात नको.

यानंतर मायक्रोसॉफ्टने एकेक गोष्ट कडक केली. २०१७ च्या शरद ऋतूत आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून त्या जुन्या एसएमबीतून फोल्डर शेअर करायची सोय नव्याने टाकलेल्या मशीनवर येतच नाही. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून असुरक्षित पाहुणा म्हणून दुसऱ्या मशीनच्या फोल्डरमध्ये जाणं पण बंद केलं. आणि इथे आपल्याकडे काय चाललंय ते बघा. अपडेट आलं, दुकानातला शेअर फोल्डर उघडेना, स्क्रीनवर मेसेज आला की तुमच्या सुरक्षेच्या धोरणाने विनाओळख पाहुण्याला अडवलंय. हा मेसेज स्पष्ट सांगतोय की तुमचा फोल्डर आजपर्यंत सगळ्यांना उघडा होता. पण यूट्यूबवर हिंदीत, मराठीत व्हिडिओंचा ढीग आहे, दोन मिनिटांत प्रॉब्लेम सॉल्व्ह म्हणून, आणि सगळ्यांत उपाय एकच, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, जाऊन तो अडसर काढून टाका. खाली शेकडो लोकांचं थँक्यू भाऊ. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण त्या प्रत्येक थँक्यूमागे एक उघडा फोल्डर आहे.

तसंच जुन्या झेरॉक्स मशीनचं. त्याच्यातून स्कॅन थेट कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये पाठवायची सोय असते आणि बरीच जुनी मशीन फक्त ती जुनी एसएमबीच बोलतात. मग त्या एका मशीनसाठी टेक्निशियन विंडोजमध्ये जाऊन ती परत चालू करतो. माझी विनंती आहे, करू देऊ नका. आधी मशीनचं सॉफ्टवेअर अपडेट होतंय का बघा, नाहीतर पेनड्राइव्हवर स्कॅन करा, फेऱ्या झाल्या तरी चालतील. मी त्या फेऱ्या मारल्या आहेत, कंटाळा येतो हे मला माहीत आहे, तरी सांगते. आणि ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांनी लक्षात ठेवा, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, जादा मुदतीच्या अपडेटसाठी नोंदणी केली नसेल तर त्या मशीनवर फोल्डर शेअर करून ठेवू नका.

रीड आणि चेंज याच्यावर मी इतका जोर का देते तेही सांगायला हवं. खंडणी मागणारा व्हायरस मुलीच्या लॅपटॉपमध्ये शिरला आणि तिला माझ्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी असली, तर तो डेस्कटॉपला हात न लावता तिथल्या सगळ्या फाइली कुलूपबंद करून टाकेल, कारण त्याच्या दृष्टीने तो तिचाच फोल्डर. तिला फक्त रीड असेल तर तो तिथल्या फाइली कुलूपबंद करू शकत नाही. टॅलीच्या डेटाला मात्र रीड देऊन भागत नाही, दोघांनी एंट्री करायची तर दोघांना लिहावंच लागतं, त्यामुळे तिथे बॅकअप हाच आधार. मी दर शनिवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी घेते आणि घेतली की डिस्क काढून कपाटात ठेवते. जोडलेली डिस्क ही बॅकअप धरायची नाही, व्हायरसला ती पण दिसते.

राउटरचं थोडक्यात. ॲडमिन पेजचा पासवर्ड बदला, बऱ्याच ठिकाणी अजून ॲडमिन-ॲडमिनच असतो. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय, बंद करा. आणि गेस्ट वायफाय चालू करा, बहुतेक नव्या राउटरमध्ये असतं, पाहुणे, ट्यूशनची मुलं, शेजारी, टीव्ही सगळे त्याच्यावर, तिथून घरातले कॉम्प्युटर दिसत नाहीत. दिसतात का ते एकदा स्वतः जोडून तपासा. घराबाहेरून फोल्डर उघडायचा म्हणून राउटरमधून ४४५ नंबरचा पोर्ट, म्हणजे फाइल शेअरिंगची वाट, उघडून देतो असं कुणी म्हणालं तर त्याला हात जोडून नको म्हणा, तो पोर्ट जगभरातून सतत चाचपला जातो.

हे सगळं घरचं म्हणून सोडून द्यायचं का, तर नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीला लागू नाही. पण मी ज्यांचे रिटर्न भरते त्यांचे कागद माझ्या हॉलमध्ये आहेत म्हणून ते घरगुती होत नाहीत. घरून काम करणारे टॅक्सवाले, एलआयसी एजंट, ट्यूशनवाले, सोसायटीचे हिशेब लिहिणारे सेक्रेटरी, रिपोर्ट टाइप करून देणारे, आपण सगळे लोकांची आधार आणि पॅन सांभाळतो. निदान जिथे चालतं तिथे क्लायंटकडून मास्क केलेलं आधार मागावं, ते आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साइटवरून मिळतं, पहिले आठ आकडे झाकलेले असतात.

संपादक महोदय, आपल्याला विनंती अशी की जूनच्या आत, म्हणजे रिटर्नची गर्दी सुरू व्हायच्या आधी, आपल्या पुरवणीत यावर अर्धं पान द्यावं. स्क्रीनचे फोटो टाकून, इंग्रजी मेनूची नावं जशी दिसतात तशी छापून, म्हणजे लोक ते कापून कॉम्प्युटरशेजारी चिकटवतील. तंत्रज्ञानाच्या पानावर नवीन फोनची परीक्षणं दर आठवड्याला येतात, त्यातल्या एका आठवड्याची जागा मिळाली तरी पुरे. आणि गल्लीबोळातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या मुलांनाही ते वाचायला मिळेल, कारण खरं काम त्यांच्या हातात आहे, घरोघरी तेच जातात.

समोरच्या मुलाला मी मागच्या रविवारी परत बोलावलं. म्हटलं, बघ रे आता काय दिसतंय. त्याला आधी मुद्दाम घरच्या वायफायवरच घेतलं, गेस्टवर नाही. नेटवर्क उघडलं, डेस्कटॉपचं नाव दिसलं, त्याच्यावर डबल क्लिक केलं. नाव आणि पासवर्डची चौकट आली. त्याने दोन-चार प्रकार करून बघितले, मग लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, नाही उघडत काकू.

आपली नम्र,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)